दाट पेरली तर अळी, विरळ पेरली तर मावा

प्रश्न : आमची जमीन मध्यम ते भारी काळी आहे. मागच्या खरिपात तीस गुंठ्यांत चवळी केली. पंधरा गुंठ्यांत माहेराहून आणलेली वेलाची गावरान चवळी सासऱ्यांनी बारा इंची तिफणीनं दाट पेरली. उरलेल्या पंधरा गुंठ्यांत मी दुकानातून आणलेलं झुडपी वाणाचं बी दोन फूट बाय एक फुटावर टोबलं. टोबलेल्या चवळीवर महिन्याच्या आतच काळा मावा आला, शेंडे आखडले. दाट चवळीवर मावा जवळजवळ नव्हता, म्हणून सासरे खूश होते. पण फुलं लागल्यावर तिच्यात अळी घुसली. फुलं आणि शेंगा जाळ्यानं एकमेकांना चिकटल्या. ज्या शेंगा वाचल्या त्या बाहेरून चांगल्या दिसत होत्या, पण आत दाणा सुरकुतलेला. शेवटी दोन्हीकडची चवळी सारखीच भरली आणि दोन्हीकडं कमीच. सासरे म्हणतात दाटच पेरायची, दुकानदार म्हणतो वाण बदला. अंतर महत्त्वाचं की वाण? दोन्हीला एकदा युरिया दिला होता. आणि घरच्या बियाण्याला भुंगा लागलाय, ते पेरलं तर चालेल का?
— एक शेतकरी भगिनी, जिंतूर तालुका

ताई, नमस्कार.

तुम्ही पत्रात किती सविस्तर लिहिलंय! कोणती कीड, कधी आली, कुठं आली, एवढं नीट सांगणारं पत्र फार क्वचित येतं. त्यामुळंच मला उत्तर देता येतंय. आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे सासरे आणि तुम्ही यांच्यातला वाद थोडा हलका होईल. तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. एका वावरात वाणही वेगळा आणि अंतरही वेगळं. त्यामुळं मावा कमी पडला तो दाट पेरणीनं की गावरान वाणामुळं, हे त्या तीस गुंठ्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही. सासऱ्यांनाही नाही, दुकानदारालाही नाही. तरी तुमच्या वावरात जे घडलं ते चवळीच्या किडींच्या स्वभावाला धरूनच घडलं, म्हणून त्यातला बराचसा उलगडा करता येतो.

माव्यापासून, म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीपासून, सुरुवात करू. पीक लहान असताना मावा बाहेरून उडत येतो. पंख असलेली मावा-मादी हवेत तरंगत येते आणि खाली उतरताना रंगांतला फरक पाहते. काळ्या उघड्या मातीवर हिरवं रोप उठून दिसलं की ती तिथं उतरते. पानांनी माती झाकली गेली की हा फरक मावळतो आणि उतरणारा मावा कमी होतो. चवळीवरचा काळा मावा आणि भुईमुगावरचा मावा एकच. 1960 च्या दशकात उत्तर नायजेरियात मोकवा इथं भुईमूग दाट पेरून याच माव्याचा आणि तो पसरवत असलेल्या रोगाचा अभ्यास झाला होता. दाट पेरणीत रोग कमी राहिला. पुढं पूर्व युगांडात चवळीवरच असं काम झालं. तिथंही जवळच्या अंतरावर मावा कमी आढळला, पण फुलकिडे, शेंगा पोखरणारी अळी आणि शेंगांतला रस शोषणारे ढेकूण मात्र वाढले. तुमच्या सासऱ्यांच्या पंधरा गुंठ्यांची हीच कहाणी आहे. जिंतूरपासून हजारो मैलांवर, वेगळ्या मातीत, वेगळ्या वाणांवर तेच दिसावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

म्हणजे सासरे खोटं बोलत नव्हते. दाट पेरल्यानं मावा खरंच कमी पडतो. पण त्यांनी पिकाकडं फुलं लागेपर्यंतच पाहिलं.

आता दाट चवळीत अळी का घुसते ते बघू. चवळीचं नुकसान करणारी मुख्य अळी म्हणजे अंगावर काळे ठिपके असलेली, फुलं-शेंगा जाळ्यानं गुंफणारी अळी. तिचा पतंग रात्री फिरतो आणि कळ्या-फुलांवर अंडी घालतो. अळी आधी फुलात राहते, मग शेंगेत शिरते. जाळं विणायला तिला एकमेकांना टेकलेली फुलं, पानं आणि शेंगा हव्या असतात. मोकळ्या हवेत उन्हात लोंबणारी एकटी शेंग तिला अडचणीची, आणि पानाआड, दुसऱ्या शेंगेला चिकटलेली शेंग म्हणजे आयतं घर. बारा इंची ओळीत वेलाची चवळी पेरली, वर काळी कसदार जमीन, आषाढ-श्रावणाचा पाऊस आणि युरिया. अशा ठिकाणी पीक माजतं. ओळी एकात एक गुंततात, खाली दिवसभर ओल आणि सावली राहते, आणि शेंगा त्या गचपणात दडतात. फवारणी केली तरी औषध वरच्या पानांवर बसतं, अळी खाली जाळ्यात सुखरूप.

इथंच वाणाचा प्रश्न येतो. नायजेरियात इबादान इथं आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्था आहे. तिथं चवळीच्या झाडाच्या ठेवणीवर बारकाईनं काम झालं आहे. ज्या वाणांच्या शेंगा पानांच्या वर, मोकळ्या दांड्यावर येतात आणि दोन शेंगांमध्ये चांगला फाका असतो, त्यांना या अळीचा त्रास कमी होतो. शेंगा पानांत दडणाऱ्या वाणांना जास्त. म्हणून 'कीड-प्रतिकारक वाण द्या' असं दुकानात विचारण्यापेक्षा 'शेंगा वर येणारा, झुडपी, वेल न सोडणारा वाण द्या' असं विचारा. सगळ्या किडींना पुरून उरेल असा चवळीचा वाण नाही. नायजेरियानं 2019 मध्ये या अळीला रोखणाऱ्या जनुकीय बदल केलेल्या चवळीला मान्यता दिली, पण ती चवळीही माव्यापुढं आणि ढेकणांपुढं इतर चवळीसारखीच उघडी पडते. वाण एक दार बंद करतो, बाकीची दारं आपल्यालाच सांभाळावी लागतात.

दाणा सुरकुतण्याचं बहुतेक लोक पाण्याच्या खंडावर ढकलतात. तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही, कारण शेंगा पूर्ण लांबीच्या होत्या. ढेकूण कोवळ्या शेंगेत सोंड खुपसून दाण्याचा रस शोषतो. बाहेर बारीक डागापलीकडं काही दिसत नाही. सोलल्यावर कळतं. जवळ तूर असेल तर यातले बरेच ढेकूण पुढं तुरीवर जातात, म्हणून चवळी निघाली की विषय संपला असं समजू नका. सकाळी लवकर, अंगावर दव असताना ते सुस्त असतात. साबण मिसळलेल्या पाण्याच्या बादलीवर शेंगांचा घोस झटकला की पटापट पडतात. पंधरा गुंठ्यांत दोन माणसं एका सकाळी हे करू शकतात, आणि मी हे फवारणीच्या आधी करायला सांगेन.

आता तुमच्या टोबलेल्या वावराकडं येऊ. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. दोन फूट बाय एक फुटावर गुंठ्यात साधारण 544 झाडं बसतात. सासऱ्यांच्या बारा इंची ओळीत झाडाझाडांत चार इंच धरले तर गुंठ्यात 3267. म्हणजे सहापट! एक फार विरळ, दुसरं फार दाट, आणि दोन्हीकडं माप सारखंच पडलं. विरळ पिकात एकेक झाड फांद्या सोडतं, शेंगाही भरपूर धरतं, पण झुडपी वाणाला पसरायला मर्यादा असते, त्यामुळं मधली रिकामी जागा तणाला आणि उन्हाला जाते. दाट पिकात झाडं खूप असतात, पण प्रत्येकाला उजेड कमी पडतो. एका ठरावीक संख्येनंतर झाडं वाढवली तरी गुंठ्याचं उत्पन्न वाढत नाही, उलट अळीचा वाटा वाढतो.

मग अंतर किती ठेवायचं? झुडपी वाणाला तुमच्या जमिनीत दीड फुटाची ओळ आणि ओळीत अर्ध्या फुटावर एक झाड, म्हणजे 45 बाय 15 सेंटिमीटर. गुंठ्यात 1452 झाडं. हलक्या, मुरमाड तुकड्यावर ओळ तीच ठेवून झाडांत चार इंच ठेवा, कारण तिथं झाड मोठं होत नाही. गावरान वेलाच्या चवळीला भारी जमिनीत दोन फुटांची ओळ आणि अर्ध्या फुटावर झाड. दोन्हीत तत्त्व एकच : ओळ रुंद, ओळीत दाट. ओळीत झाडं जवळ असली की पानांची सलग पट्टी लवकर तयार होते आणि उतरणाऱ्या माव्याला एकटं रोप सापडत नाही. ओळींमधून वारा आणि ऊन जातं, कोळपं फिरतं, शेंगा वाळत राहतात, आणि फवारायची वेळ आलीच तर नोझल शेंगांपर्यंत पोचतं. फुलं लागतात तेव्हा उभं राहून पाहिलं तर माती जेमतेम झाकलेली दिसावी, आणि वाकून ओळीतून पाहिलं तर पलीकडचा धुरा दिसावा. तो दिसला नाही तर त्या वाणाला, त्या जमिनीत तुमची ओळ अरुंद झाली. पुढच्या वेळी रुंद करा.

अठरा इंची तिफण गावात सहज मिळेल. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचा हात ठरलेला असला तरी बियाण्याचं वजन आधी काढून घ्या. शंभर दाणे मोजून तोला. बारा ग्रॅम भरले, तर गुंठ्याला 1452 दाण्यांचं वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे एकराला सात किलो. उगवणीतली घट धरून थोडं वाढवा. पंधरा दिवसांनी विरळणी मात्र न चुकता करा. पावसात पाय रुततात म्हणून ती राहून जाते आणि मग कागदावरचं अंतर कागदावरच राहतं. मागच्या वर्षी सासऱ्यांच्या वावरात विरळणी झाली असती, तर मला वाटतं हे पत्र निम्मंच लिहावं लागलं असतं.

पहिला महिना तरीही धोक्याचा. रोपं लहान असताना कुठल्याही अंतरावर माती उघडीच असते. म्हणून चवळीच्या चारी बाजूंनी ज्वारीच्या किंवा मक्याच्या दोन-तीन ओळी लावा, जमलं तर चवळीच्या आठवडाभर आधी. उडत येणारा बराच मावा कडेच्या पिकात अडतो. तुमच्या शेजारी कुणाची आधी पेरलेली चवळी असेल तर तिच्या लगत पेरू नका, कारण जुन्या पिकावरची सगळी वस्ती नव्यावर उतरते. मावा दिसला की लगेच घाबरायचं नाही. मावा-मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, त्यामुळं आठवडाभरात शेंडा काळा होतो हे खरं. पण जोराचा पाऊस तो धुऊनही काढतो, आणि ढालकिडे, त्यांच्या अळ्या, सिरफिड माशीच्या अळ्या त्याच्यावर तुटून पडतात. शेंड्यांवर ढालकिड्यांच्या करड्या-काळ्या, काटेरी अळ्या फिरताना दिसल्या तर चार दिवस थांबा. पुष्कळ बाया त्याच अळ्यांना कीड समजून चिरडतात, आणि ते पाहून माझा जीव तुटतो.

शेजारी कपाशी असेल तर हे आणखी महत्त्वाचं. कपाशीत चवळीच्या ओळी घ्यायला सांगतात ते यासाठीच. चवळीवरच्या माव्यावर ढालकिडे वाढतात आणि मग कपाशीत जातात. कपाशीला मुख्यतः छळणारा मावा वेगळ्या जातीचा, त्यामुळं चवळीवरचा थोडा मावा तुमच्या कपाशीला ओझं नाही. मात्र मावा शेंड्यावरून फुलांच्या दांड्यावर चढू लागला, पानं चिकट होऊन चकाकू लागली आणि मित्रकीटक दिसेनात, तर 5 टक्के निंबोळी अर्क मारा. 5 किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, 100 लिटर पाणी करा, थोडा साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. वेलाच्या चवळीचे मावा भरलेले शेंडे खुडले तरी चालतात. खुडलेले शेंडे धुऱ्यावर टाकू नका, बादलीत बुडवा.

फुलं लागल्यावर दर तीन दिवसांनी वावरात पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी चार फुलं उघडून पाहा. चवळीचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, म्हणून हे काम सकाळचं. फूल पांढऱ्या कागदावर झटकलं तर फुलकिडेही दिसतील. बारीक, सुईच्या टोकाएवढे. वीस फुलांत दोन-चार अळ्या दिसू लागल्या की जाळी लागलेली फुलं-शेंगा हातानं तोडा आणि निंबोळी अर्काची फवारणी करा. शेंगेच्या आत शिरलेल्या अळीला बाहेरून मारलेलं काहीच लागत नाही, म्हणून ही सकाळची पाहणी टाळू नका. रासायनिक औषध लागलंच तर ज्याच्या डब्यावर चवळीचं नाव छापलंय तेच घ्या. हिरव्या शेंगा बाजाराला जाणार असतील, तर फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं तेही डब्यावर असतं. तेवढे दिवस तोडणी बंद. शेंगा कुणाच्या तरी लेकरांच्या ताटात जाणार आहेत.

युरियाबद्दल थोडक्यात. चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेतात. पेरताना हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद पुरेसं, म्हणजे एकराला साधारण 10 आणि 20. बियाण्याला चवळी गटाचं रायझोबियम, म्हणजे या गाठी तयार करणारं जिवाणू खत, चोळा. नंतर वरून युरिया नको, कोवळा लुसलुशीत शेंडा माव्याला फार आवडतो.

वाणाचं बोलायचं तर तुम्हाला शेंगा विकायच्या की दाणा, ते आधी ठरवा. शेंगांसाठी पुसा कोमल किंवा अर्का गरिमा, दोन्ही झुडपी. पुसा दोफसली उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही चालते. दाण्यासाठी कोकण सदाबहार किंवा जुना, टिकून राहिलेला सी-152. तुमच्या तालुक्यात यातलं काय चांगलं आलंय, ते परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात विचारा. माहेरची गावरान चवळी मात्र सोडू नका. तिची उसळ तुम्हालाच ठाऊक, आणि ज्या वाणाचं बी तुम्ही स्वतः राखता त्याची किंमत दुकानात कळत नाही. तिला दोन फुटांच्या ओळीत, मुरमाड अंगाच्या तुकड्यावर न्या. तिथं ती इतकी माजणार नाही.

आणि अंतर महत्त्वाचं की वाण, याचं उत्तर तुमच्याच वावरात काढा. जास्त काही लागत नाही. चार पट्टे करा : गावरान दीड फुटावर, गावरान दोन फुटांवर, झुडपी दीड फुटावर, झुडपी दोन फुटांवर. सगळीकडं ओळीत अर्धा फूट. हेच चार पट्टे क्रम बदलून पलीकडं पुन्हा एकदा पेरा, म्हणजे जमिनीच्या एका बाजूच्या ओलीचा फायदा एकालाच मिळणार नाही. पेरणीचा दिवस एक, खत एक. काढणीला प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध सहा फूट रुंद आणि तीस फूट लांब एवढाच भाग वेगळा काढून तोला. दीड फुटाच्या चार ओळी किंवा दोन फुटांच्या तीन ओळी, दोन्ही बरोबर सहा फुटांत बसतात. मावा पहिल्यांदा कोणत्या तारखेला कुठं दिसला, वीस फुलांत अळ्या किती, आणि शंभर शेंगा सोलल्यावर सुरकुतलेले दाणे किती, हे वहीत लिहा. सासऱ्यांना बरोबर घ्या. तोलायला त्यांनाच बसवा.

राहिला भुंगा. भुंग्याची मादी वावरात वाळत आलेल्या शेंगांवरच अंडी घालते, म्हणून तो घरात नंतर दिसतो. भोक पडलेले दाणे पाखडून बाजूला काढा, ते पेरू नका. उरलेल्यांतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी मोजा. ऐंशीच्या वर कोंब आले तर ते बी चालेल. सत्तर आले तर तेवढ्या हिशेबानं वजन वाढवा. त्याहून खाली आले तर माहेरी निरोप पाठवा. नवं बी आलं की दोन दिवस कडक उन्हात वाळवा, निवू द्या, आणि झाकण घट्ट बसणाऱ्या कोरड्या डब्यात काठोकाठ भरून ठेवा. आत मोकळी हवा उरली नाही की भुंगा वाढत नाही.